बाळंतिणीच्या रक्ताचा तोल



प्रसूतीचा विषय निघाला की सामान्य माणसाच्या मनात पहिली भीती येते ती रक्तस्रावाची. ही भीती निराधार नाही. जबलपूर शहरातील लेडी एल्गिन रुग्णालय, जे राणी दुर्गावती यांच्या नावानेही ओळखले जाते, किंवा गढा भागातील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, येथे मंडला, दिंडोरी, शिवनी, बालाघाट अशा दूरदूरच्या भागांतून स्त्रिया प्रसूतीसाठी आणल्या जातात. वाटेत जंगल असते, घाट असतो आणि रक्त वाहू लागले तर हाती थोडे तासच असतात. २०१८ ते २०२० या काळातील नमुना नोंदणी पाहणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे मृत्यू पावणाऱ्या मातांची संख्या भारतात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि मध्य प्रदेशात १७३ होती. या मृत्यूंच्या कारणांत रक्तस्रावाचे स्थान पहिले आहे.

तथापि याच स्त्रीच्या शरीरात दुसरेही एक संकट दबा धरून असते, आणि ते पहिल्याच्या अगदी उलट आहे. वाहावयास हवे ते रक्त नको त्या ठिकाणी गोठते. पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी धरते. ही गुठळी बहुधा प्रसूतीच्या खोलीत दिसत नाही. ती दिसते घरी गेल्यावर, बारशाच्या आगेमागे, जेव्हा साऱ्यांचे लक्ष बाळाकडे लागलेले असते. ही दोन संकटे परस्परविरुद्ध भासली तरी त्यांचे मूळ एक आहे. ते मूळ म्हणजे रक्त गोठविणाऱ्या आणि त्या गोठण्यास आवर घालणाऱ्या शक्तींचा तोल. गर्भारपणात हा तोल कसा ढळतो, का ढळतो आणि प्रसूतीनंतर पूर्ववत होण्यास त्याला किती काळ लागतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम रक्त गोठते कसे, ते थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. रक्तवाहिनीला इजा झाली की तेथे रक्तातील बिंबिका गोळा होतात आणि त्याच वेळी रक्तद्रवातील प्रथिनांची एक साखळी जागी होते. एक प्रथिन दुसऱ्याला चेतविते, दुसरे तिसऱ्याला. साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन नावाचे प्रभावी द्रव्य तयार होते आणि ते फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे धागे बनविते. त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या म्हणजे गुठळी तयार झाली. ही साखळी विलक्षण वेगाने काम करते आणि प्रत्येक पायरीला तिचा जोर वाढत जातो. तिला आवर नसता तर बोटाला टोचलेल्या सुईने सर्व शरीरातील रक्त गोठण्याचा प्रसंग ओढवला असता.

तो आवर निसर्गाने रक्तातच ठेवलेला आहे. त्यातील तीन द्रव्ये विशेष महत्त्वाची आहेत. पहिले अँटिथ्रॉम्बिन. हे थ्रॉम्बिनला व त्याच्या आधीच्या काही घटकांना मिठी मारून निकामी करते. दुसरे प्रोटीन सी आणि तिसरे त्याचे साहाय्यक प्रोटीन एस. या दोघांची कार्यपद्धती मोठी चतुर आहे. थ्रॉम्बिन गुठळी तयार करते हे खरे. परंतु तेच थ्रॉम्बिन निरोगी रक्तवाहिनीच्या अस्तरावरील थ्रॉम्बोमोड्युलिन या प्रथिनाला जाऊन चिकटले की त्याची वृत्ती पालटते. आता ते प्रोटीन सी ला चेतविते, आणि चेतलेले प्रोटीन सी हे प्रोटीन एस च्या साहाय्याने साखळीतील दोन प्रमुख दुवे, पाचवा व आठवा घटक, तोडून टाकते. जेथे जखम आहे तेथे गुठळी धरावी आणि जेथे अस्तर शाबूत आहे तेथे ती थांबावी, अशी ही योजना आहे.

या द्रव्यांचा शोध फार जुना नाही. नॉर्वेतील ओलाव एगेबर्ग यांनी १९६५ साली एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या कुटुंबातील अनेकांना शिरांत गुठळ्या होत आणि त्यांच्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन जन्मतः कमी होते. १९७६ साली स्वीडनचे योहान स्टेनफ्लो यांनी गाईच्या रक्तातून एक प्रथिन वेगळे काढले. पृथक्करणात ते तिसऱ्या, म्हणजे सी या अक्षराने दर्शविलेल्या भागात आढळले, म्हणून त्याचे नाव प्रोटीन सी पडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी दुसऱ्या एका प्रथिनाचे वर्णन झाले आणि त्या शहराच्या आद्याक्षरावरून ते प्रोटीन एस झाले. जन्मतः प्रोटीन सी कमी असलेली कुटुंबे १९८१ मध्ये आणि प्रोटीन एस कमी असलेली १९८४ मध्ये नोंदली गेली. त्यानंतर लगेच, १९८६ साली, फिलिप कॉम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पूर्णपणे निरोगी स्त्रीच्या रक्तातही गर्भारपणी प्रोटीन एस घटते. जो दोष काही थोड्या कुटुंबांत जन्मापासून असतो, तो प्रत्येक गर्भवतीच्या शरीरात काही महिन्यांपुरता निसर्गतःच निर्माण होतो, असा याचा अर्थ होता.

निसर्गाने असे का करावे, याचे उत्तर वार सुटण्याच्या क्षणात आहे. पूर्ण दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयातून दर मिनिटाला सुमारे ६०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. तिच्या शरीरातील एकूण रक्त सुमारे सहा लिटर. वार सुटताच तिच्याखालच्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती तशीच उघडी राहिली तर दहा मिनिटांच्या आतच शरीरातील सारे रक्त वाहून जाईल, असा हा हिशेब आहे. तसे होत नाही याची कारणे दोन. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावून त्या वाहिन्यांना आवळून धरतात आणि उघड्या तोंडांवर रक्त त्वरित गोठते. आकुंचनाची तयारी प्रसूतीच्या वेळी होते. गोठण्याची तयारी मात्र शरीर कित्येक महिने आधीपासून करीत असते.

ही तयारी तिहेरी आहे. एक तर गोठविणारी द्रव्ये वाढतात. फायब्रिनोजेनचे प्रमाण एरव्ही दर लिटरला दोन ते चार ग्रॅम असते. ते गर्भारपणाच्या अखेरीस चार ते सहा ग्रॅमपर्यंत पोहोचते. सातवा, आठवा आणि दहावा घटकही वाढतात. दुसरे म्हणजे झालेली गुठळी विरघळविण्याची शक्ती मंदावते, कारण तिला रोखणारी द्रव्ये वाढतात व त्यांपैकी एक तर वारेतच तयार होते. तिसरा बदल आवर घालणाऱ्या द्रव्यांचा. येथे मात्र तिघांची वागणूक सारखी नाही, आणि ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. अँटिथ्रॉम्बिन जवळजवळ पूर्वीइतकेच राहते. फार तर प्रसूतीच्या सुमारास किंचित उतरते. प्रोटीन सी स्थिर राहते किंवा थोडे वाढते. प्रोटीन एस मात्र पहिल्या काही महिन्यांतच उतरू लागते आणि त्याचा मोकळा, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा अंश अखेरीस निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाची वाढ हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. साहाय्यकच दुबळा झाल्यामुळे प्रोटीन सी पुरेसे असूनही त्याचा प्रभाव कमी पडतो. सारांश, गर्भवतीचे रक्त गोठण्याकडे झुकलेले असते. हा रोग नव्हे. रक्तस्रावापासून मातेचा जीव वाचावा म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे.

पण प्रत्येक सोयीचे मोल द्यावे लागते. बर्लिनचे शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिरांतील गुठळ्यांचा जो अभ्यास केला, त्यावरून पुढे तीन कारणांचे सूत्र रूढ झाले. रक्ताचा मंदावलेला प्रवाह, वाहिनीच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताच्या घटनेत झालेला बदल, ही ती तीन कारणे होत. बाळंतिणीच्या ठिकाणी तिन्ही एकत्र येतात. वाढलेल्या गर्भाशयाच्या दाबाने पायांतील रक्त वर चढण्यास अडखळते. प्रसूतीत, आणि विशेषतः शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीत, ओटीपोटातील वाहिन्यांना इजा होते. रक्त तर आधीच गोठण्याकडे झुकलेले असते. उजव्या बाजूची रोहिणी डाव्या बाजूच्या मोठ्या नीलेवरून ओलांडून जाते आणि तिला दाबते. त्यामुळे गर्भारपणातील गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते.

सुजलेल्या, पांढुरक्या पडलेल्या बाळंतिणीच्या पायाचे वर्णन युरोपच्या वैद्यकात फार पूर्वीपासून आढळते. दूध स्तनांत न येता पायात उतरले, अशी अठराव्या शतकातील अनेक वैद्यांची समजूत होती आणि त्या विकाराला दुधाचा पाय असेच नाव पडले होते. लंडनचे डेव्हिड डेव्हिस यांनी १८२३ साली अशा आजाराने दगावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनावरून दाखविले की पायात दूध नसून शिरांत गोठलेले रक्त आहे. आपल्याकडेही 'बाळंतरोग' या एकाच शब्दाखाली अनेक निरनिराळे आजार झाकले जात. ज्वर, सूज, झटके, लुळेपणा, सारे एकाच नावाने ओळखले जाई, आणि नाव मिळाले की शोध थांबे.

आता खऱ्या अर्थाने महत्त्वाचा प्रश्न येतो. मूल जन्मले, वार पडली, रक्त थांबले. मग तोल लगेच सावरतो काय? नाही. गुठळी विरघळविण्याची शक्ती वार पडल्यावर लवकर परतते. गोठविणारी द्रव्ये उतरण्यास कित्येक आठवडे जातात. आणि प्रोटीन एस पूर्ववत होण्यास सहा ते आठ आठवडे, काहींच्या बाबतीत त्याहून अधिक काळ लागतो. पायांतील रक्तप्रवाहालाही सुमारे सहा आठवडे हवे असतात. म्हणजे ज्या संकटासाठी ही सिद्धता केली होती ते काही तासांत टळते. सिद्धता मात्र दीड महिना तशीच उभी राहते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सुमारे १७ लाख प्रसूतींच्या नोंदींचा अभ्यास करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याच स्त्रियांच्या वर्षभरानंतरच्या काळाशी तुलना करता प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीजन्य विकारांचा धोका सुमारे अकरा पट होता. सातव्या ते बाराव्या आठवड्यात तो दुपटीच्या थोडा वर होता. एकंदरीत हे विकार विरळच आहेत. पाश्चात्त्य देशांत दर हजार प्रसूतींमागे एक-दोन असेच त्यांचे प्रमाण आढळते. परंतु फुप्फुसात किंवा मेंदूत गेलेली गुठळी एका घरापुरती विरळ नसते.

भारतीय वैद्यकाने या क्षेत्रात जो विशेष अनुभव मिळविला तो मेंदूतील नीलांच्या गुठळीसंबंधी. येथे बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, तरुण स्त्रीला एकाएकी असह्य डोकेदुखी सुरू होई, उलट्या होत, झटके येत, हातपाय लुळे पडत. रोहतक, बंगळूर व दक्षिणेतील इतर ठिकाणच्या मेंदुविकारतज्ज्ञांनी १९७० ते १९९५ च्या दरम्यान अशा शेकडो स्त्रियांचा अभ्यास केला. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत या आजारात हेपॅरिन देऊन उपचारांची परीक्षाही घेण्यात आली. हेपॅरिन रक्त पातळ करते असे म्हटले जाते. वस्तुतः ते अँटिथ्रॉम्बिनला साहाय्य करून त्याची गती सुमारे हजार पटींनी वाढविते. शरीराचा एक आवर दुबळा झाला असता दुसऱ्याला बळ द्यावे, असे या उपचाराचे तत्त्व आहे. हेपॅरिन वार ओलांडून गर्भापर्यंत जात नाही, म्हणून ते गर्भारपणीही वैद्याच्या देखरेखीखाली देता येते. वॉरफॅरिन हे दुसरे औषध गर्भाला अपाय करू शकते. प्रसूतीनंतर मात्र अंगावर पाजणाऱ्या मातेला ते देता येते.

जबलपूरच्या परिसरात या विषयाला आणखी एक पदर आहे. जबलपूर आणि नागपूर ही शहरे १९५६ सालापर्यंत एकाच राज्यात होती. पुढे राज्याची सीमा मध्ये आली, परंतु रक्ताच्या आजारांना ती सीमा ठाऊक नाही. सिकलसेल, म्हणजे कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा आनुवंशिक विकार, भारतात प्रथम १९५२ साली नोंदला गेला आणि १९५८ साली शुक्ला व सोलंकी यांनी तो नागपूर भागात असल्याचे दाखविले. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, गोंड आदी आदिवासी जमातींत आणि इतरही अनेक समाजांत तो आढळतो. जबलपूर येथे १९८४ साली स्थापन झालेल्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेच्या कार्याचा तो एक प्रमुख विषय राहिला आहे. या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी जबलपूरच्या पूर्वेकडील शहडोल येथेच सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्णांत प्रोटीन सी आणि प्रोटीन एस एरव्हीही कमी असतात आणि विकृत पेशींचा पृष्ठभाग गोठण्याच्या क्रियेला चालना देतो. अशी स्त्री गर्भवती झाली म्हणजे आधीच झुकलेल्या पारड्यात नवे वजन पडते. यास्तव मध्य भारतात गर्भवतीची सिकलसेल तपासणी ही केवळ बाळाच्या भवितव्यासाठी नसून मातेच्या जिवासाठीही असते.

या साऱ्या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर प्रयोगशाळेसंबंधी आहे. गर्भारपणात किंवा प्रसूतीनंतर लगेच प्रोटीन एस मोजले तर ते कमी येणारच. तेवढ्यावरून स्त्रीला आनुवंशिक दोष आहे असा निर्णय देणे चुकीचे आणि क्रूरही ठरेल. असा शिक्का एकदा बसला की तो जन्मभर राहतो. तो बहिणींपर्यंत आणि लेकींपर्यंत पोहोचतो, त्यांच्या विवाहांच्या बोलण्यांतही निघतो. म्हणून ही तपासणी प्रसूतीनंतर निदान सहा आठवड्यांनी, शक्य तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी आणि मगच काय ते ठरवावे.

दुसरे उत्तर घरासंबंधी आहे. मराठी घरांत बाळंतिणीचा सव्वा महिना पाळण्याची रीत जुनी आहे. या रीतीत शहाणपण आहे. प्रोटीन एस च्या पुनरागमनाचा काळ आणि हा सव्वा महिना यांत फारसे अंतर नाही. कष्टांपासून सुटका, वडीलधाऱ्या स्त्रियांचे लक्ष, वेळेवर अन्न, हे सारे हितकारकच आहे. परंतु याच रीतीबरोबर काही घातक सवयीही आल्या. बाळंतिणीने बाजेवरून उतरू नये, पाणी बेताने प्यावे, बंद खोलीत शेगडीजवळ घाम गाळावा, हे सारे रक्त दाट आणि प्रवाह मंद करणारे आहे. सव्वा महिना अवश्य पाळावा. पण बाळंतिणीला उठू-फिरू द्यावे आणि तहानेपुरते पाणी कधीही नाकारू नये. एक पाय सुजून दुखू लागला तर तो चोळू नये, कारण चोळण्याने गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाण्याचे भय असते. एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे, न थांबणारी डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, झटका किंवा हातापायाची शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले तर काढ्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि प्रसूती केव्हा झाली ते तेथे आवर्जून सांगावे.

तिसरे उत्तर शासकीय व्यवस्थेसंबंधी. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या अभ्यासात गावांतील ७७२ स्त्रियांची बाळंतपणे प्रत्यक्ष घरी जाऊन पाहण्यात आली. त्यांपैकी प्रसूतीच्या वेळी काही विकार झालेल्या स्त्रिया १७.७ टक्के होत्या, तर प्रसूतीनंतरच्या काळात विकार झालेल्या ४२.९ टक्के. हे विकार अनेक प्रकारचे होते, सारे गुठळीचे नव्हते. परंतु आजाराचा मोठा वाटा प्रसूतीनंतर, घरात आणि कोणाच्या नजरेआड घडतो, हे त्यातून स्पष्ट झाले. नवजात बालकांच्या घरगुती सेवेची त्यांची पद्धती पुढे देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. रुग्णालयातील मुक्काम दोन दिवसांचा, धोका बेचाळीस दिवसांचा. हे अंतर ज्यांच्यामुळे भरून निघते त्या या सहा भेटी होत. भेटीस गेलेल्या कार्यकर्तीने बाळाचे वजन करून झाल्यावर आईचे दोन्ही पाय उघडे करून पाहावेत आणि तिचे डोके दुखते काय एवढे विचारावे. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

रक्तस्रावाच्या भीतीने प्रसूतीचा दिवस आज पूर्वीहून पुष्कळ सुरक्षित झाला आहे. आकुंचनाची औषधे आहेत, रक्तपेढ्या आहेत, आणि जपानमध्ये उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ साली जगापुढे आणलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आहे. २०,०६० स्त्रियांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय परीक्षणाने २०१७ साली दाखविले की रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत हे औषध दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात आणि गुठळ्यांचे प्रमाणही वाढत नाही. जी काळजी त्या एका दिवसाची घेतली जाते तिचा थोडा अंश पुढील बेचाळीस दिवसांना मिळाला पाहिजे. मूल जन्मले म्हणजे प्रसूती संपली, असे घरचे मानतात. बाळंतिणीच्या रक्ताच्या दृष्टीने ती संपण्यास अजून दीड महिना असतो, आणि तेवढा काळ घराने, गावाने व रुग्णालयाने तिच्याकडे पाहत राहणे आवश्यक आहे.